एक खवला बाहेर पडताना बघायचा होता

आधीच सांगून टाकते, मला ही गोष्ट पूर्ण उलटी माहीत होती. म्हणजे मला वाटायचं की समुद्रात तरंगणाऱ्या काही एकपेशीय शैवालांच्या अंगावर जी चुन्याची चिलखतं असतात ती बाहेरूनच बसत असणार, नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार धरतात ना, तसा काहीतरी प्रकार. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आहे, कार्बोनेट आहे, पेशी मधे तरंगतेय, बसला थर, त्यात काय एवढं. लॅबमधल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मग प्रत्येक चकती हुबेहूब सारखी कशी निघते गं?" आणि मी गप्प.

कारण नळाचे क्षार कधीच सारखे धरत नाहीत. आणि ह्या चकत्या, ज्यांना कोकोलिथ म्हणतात, त्या अशा निघतात की नुसती चकती बघून जात सांगता येते. शैवाल एकपेशीय, नाव कोकोलिथोफोर, आणि प्रत्येक चकती पेशीच्या पोटात, एका छोट्या पिशवीत, पूर्ण घडवून, कडा-बिडा नीट करून मग बाहेर ढकलली जाते. अर्धवट काम बाहेर काढून तिथे पुरं करायचं असा प्रकार नाही. हे वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटेना, आणि तिथूनच डोक्यात बसलं की एक तरी खवला बाहेर पडताना आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. एवढीच इच्छा होती. त्याला जवळजवळ वर्ष गेलं, त्याचीच ही हकीकत.

सुरुवात एमिलियानिया हक्सलेयीने झाली, सगळ्यांची तिनेच होते. हल्ली तिला जेफिरोकॅप्सा ह्या जातकुळीत टाकतात पण लॅबमध्ये सगळे अजून ए-हक्सच म्हणतात. पेशी साधारण ५ मायक्रॉनची, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये दोनशे ओळीत बसतील, आणि चकती ३ मायक्रॉनच्या आसपास. हीच ती पेशी जिचा बहर आला की समुद्र दुधाळ निळा होतो आणि सॅटेलाइटच्या फोटोत दिसतो, लाखभर चौरस किलोमीटरचे पट्टे. फ्लास्कमध्ये मात्र काही ग्लॅमर नाही हो. फिकट, किंचित गढूळ पाणी, खाली पांढरट गाळ. रोज सकाळी हलक्या हाताने फिरवायचं, मोजायचं, आठवड्याने नव्या पाण्यात थोडंसं टाकून सबकल्चर करायचं. दिवसाला साधारण एकदा दुप्पट होते, त्यामुळे विसरलात तर कल्चर म्हातारं होऊन बसतं.

साध्या मायक्रोस्कोपखाली ए-हक्समध्ये काही म्हणजे काही दिसत नाही, चमकणारे ठिपके फक्त. त्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला सॅम्पल लावायचं ठरलं आणि मी माझा पहिला पराक्रम केला. फिल्टरवर पेशी घेतल्या, मीठ निघावं म्हणून डिस्टिल्ड वॉटरने मस्त धुतल्या, दोनदा, कोणी सांगितलं नव्हतं तरी एकदा जास्त. वाळवल्या, धातूचा मुलामा दिला, आत घातल्या. स्क्रीनवर आल्या त्या चकत्या म्हणजे उंदरांनी कुरतडलेल्या. डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आम्लधर्मी झालेलं असतं आणि कॅल्साइटला, म्हणजे चकती ज्याची असते त्या स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटला, तेवढं पुरतं. आमचे एक सिनियर मागून बघत होते, म्हणाले, "चुन्याला ॲसिडने आंघोळ घातलीस, दुसरं काय होणार." तेव्हापासून धुवायच्या पाण्यात थेंबभर अमोनिया टाकून पीएच नऊच्या जवळ नेऊन मगच धुते. हे कोणत्या पद्धतीच्या कागदात लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं, पण सगळ्यांना हे "माहीतच असतं" म्हणे.

दुसऱ्या खेपेला सॅम्पल नीट आलं आणि तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून नुसती बघत बसले. शर्टाच्या कफलिंकसारखा आकार, म्हणजे दोन लंबगोल बशा आणि मधे एक आखूड नळी. वरच्या बशीत चाकाच्या आऱ्यांसारख्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीचं टोक हातोडीसारखं चपटं. आणि प्रत्येक पट्टी म्हणजे कॅल्साइटचा एकच एक स्फटिक आहे! शाळेत आपण कॅल्साइटचा स्फटिक बघतो तो तिरका ठोकळा, सपाट बाजू, टोकदार कोपरे. तोच पदार्थ, तीच आतली रचना, आणि इथे हातोड्या काय, आरे काय. शेजारच्या चकतीची कड हिच्या दोन बशांच्या मधल्या खाचेत घुसलेली, अशा दहापंधरा एकमेकींत अडकून पूर्ण गोळा. ह्याच कुळातल्या पेशींच्या चकत्या साठून साठून इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे झालेत हे वाचलं होतं, पण स्क्रीनवर एक चकती बघितल्यावर त्या कड्याचा हिशेब डोक्यात मावेना.

गंमत म्हणजे माझ्यासारखीच चूक मोठ्या मोठ्यांनी करून ठेवलीय. एरेनबर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ साली खडूच्या भुकटीत ह्या चकत्या बघितल्या आणि त्याला वाटलं हे सजीवाचं काम नाही, नुसते खनिजाचे आकार असावेत. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ हक्सलीने १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाच्या चिखलात बघितल्या, कोकोलिथ हे नाव त्याचंच, पण त्यालाही आधी त्या निर्जीवच वाटल्या. मग १८६०-६१ च्या सुमारास वॉलिच आणि सॉर्बी ह्यांनी दाखवलं की ह्या सुट्या नसतात, पोकळ गोळ्यावर बसलेल्या असतात, तेव्हा कुठे लोकांना सजीवाचा वास आला. आणि हक्सलीने नंतर १८६८ मध्ये त्याच जुन्या बाटल्यांमधल्या चिकट लिबलिबीत पदार्थाला समुद्रतळावरचा आद्य जीव म्हणून बाथिबियस नावही दिलं, चकत्या म्हणे त्याच्या अंगातल्या. पुढे चॅलेंजर जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेवरच्या बुकानन ह्या केमिस्टने शोधलं की तो जीव-बीव काही नाही, चिखल टिकवायला अल्कोहोल ओतलं की समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट साका धरतं, ते ते. हक्सलीने मोकळेपणी चूक मान्य केली. मला हा किस्सा भयंकर आवडतो, कारण सॅम्पल टिकवताना आपणच काहीतरी तयार करतो आणि मग त्याचा शोध लावतो, हे माझ्या बाबतीत महिन्यातून एकदा तरी व्हायचं.

तर आत नक्की होतं काय. पेशीत गॉल्जी नावाची पिशव्यांची चळत असते, पेशीचं पॅकिंग डिपार्टमेंट म्हणा. तिथून एक चपटी पिशवी सुटते. बऱ्याच जातींत त्या पिशवीत आधी एक पातळ सेंद्रिय पापुद्रा तयार होतो, लंबगोल, त्याला बेस प्लेट म्हणतात, आणि त्याच्या काठाकाठाने, फक्त काठानेच, बारीक बारीक स्फटिक उगवतात, माळेसारखे. ह्या माळेतच सगळी मेख आहे. एक स्फटिक उभा, शेजारचा आडवा, म्हणजे कॅल्साइटचा जो मुख्य अक्ष असतो तो एकात पापुद्र्याला काटकोनात आणि पुढच्यात त्रिज्येच्या दिशेने बाहेर, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. जेरेमी यंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मांडलं आणि मग निरनिराळ्या जातींच्या चकत्यांचं गणित एकदम सुटायला लागलं, कुठे उभे स्फटिक वाढून वरची बशी करतात, कुठे आडवेच सगळं खाऊन टाकतात. ए-हक्समध्ये तर उभे जवळजवळ नाममात्र उरतात, सगळी चकती आडव्यांची.

पुढे हे स्फटिक वर, बाहेर, आत असे वाढत जातात आणि पिशवीही त्यांच्याबरोबर आकार बदलत जाते, साच्यासारखी. आणि पिशवीत भरपूर आम्लधर्मी पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या ज्यांच्यावर ऋण भार असतो, त्या स्फटिकाच्या ठरावीक बाजूंना चिकटतात आणि तिथली वाढ रोखतात. म्हणजे इथे वाढू नको, तिकडे जा. प्ल्युरोक्रायसिस नावाच्या दुसऱ्या एका जातीत असे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या पेशी, सापडलेत ज्यांच्यात एक पॉलिसॅकराइड नाही तर कॅल्साइट जवळजवळ बनतच नाही, आणि दुसरं एक नाही तर माळ बनते पण पुढे आकारच येत नाही. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की "नियंत्रण" हा शब्द इथे उगाच मोठेपणासाठी वापरत नाहीत.

कॅल्शियमचा मामला तर आणखी भारी. समुद्रात कॅल्शियम साधारण १० मिलिमोलर, पेशीच्या आतल्या रसात १०० नॅनोमोलरच्या घरात. एक लाख पटीचा फरक. आणि तो फरक पेशीला जिवापाड जपावा लागतो, कारण कॅल्शियम हा तिचा सिग्नल आहे, जरा वाढला की आत गोंधळ. आता ह्याच पेशीतून चकतीसाठी ट्रकच्या ट्रक कॅल्शियम न्यायचं, सांडू न देता. त्यात आणखी एक लफडं. कार्बन येतो तो बायकार्बोनेट म्हणून, आणि कॅल्शियम अधिक बायकार्बोनेट म्हणजे कॅल्साइट अधिक एक हायड्रोजन आयन. प्रत्येक रेणूमागे एक आम्लाचा कण आत उरला. तो बाहेर टाकला नाही तर पेशीच आंबेल. २०११ मध्ये दाखवलं गेलं की ह्या शैवालांच्या आवरणात हायड्रोजन आयन बाहेर सोडणारे खास दरवाजे आहेत, पेशीच्या विद्युतदाबाप्रमाणे उघडणारे. आम्लीकरणाने समुद्राचा पीएच उतरला तर ह्या दारातून बाहेर पडणं अवघड होणार, लोकांना काळजी वाटते ती ह्याचीच, नुसती चकती बाहेरून विरघळेल ह्याची नाही.

असो, वाचन झालं भरपूर. बघायचं राहिलंच होतं.

ए-हक्समध्ये बघणं अशक्य होतं, म्हणून मॅडमनी कोकोलिथस ब्रारुडी आणून दिली. ही दांडगी. चकत्यांसकट २० मायक्रॉनच्या आसपास, एकेक चकती १० मायक्रॉनच्या वर, म्हणजे ए-हक्सच्या दोन पेशी ओळीने तिच्यावर बसतील. चांगल्या लेन्सखाली एकेक चकती मोजता येते. १५ अंशाला ठेवायची, वाढते हळू, आणि स्वभावाने नाजूक, फ्लास्क जोरात हलवला तरी रुसते.

युक्ती अशी होती की आधी पेशीचं सगळं चिलखत उतरवायचं आणि मग ती नवं कसं घालते ते बघायचं. त्यासाठी कॅल्शियम नसलेलं कृत्रिम समुद्रपाणी, त्यात ईजीटीए, जे उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवतं. पेशी त्यात ठेवल्या की हळूहळू चकत्यांच्या कडा धूसर होतात, बारीक होतात आणि मग एकदम जाणवतं की अरे, गेल्या. मग नीट धुऊन परत कॅल्शियमच्या पाण्यात.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी पोलराइज्ड लाइट लावून ठेवला होता. दोन पोलरायझर एकमेकांना आडवे लावले की सगळं काळं दिसतं, फक्त कॅल्साइटसारखे स्फटिक चमकतात. चिलखत उतरलेल्या पेशी अंधारात गडप झाल्या, अगदी अपेक्षेप्रमाणे, पण काही पेशींच्या आत, बाहेर नाही, आत, एक एक लंबगोल चकाकी तशीच होती. त्यावर काळी फुली. स्टेज फिरवलं तर चकती फिरते आणि फुली मात्र जागच्या जागी, कारण आडवे स्फटिक त्रिज्येने चहूकडे मांडलेले, त्यामुळे कुठूनही बघा, पोलरायझरच्या दिशेत आलेले तेवढे काळे पडणार. बाहेरचं पाणी सगळ्या चकत्या खाऊन बसलं होतं आणि ही वाचली कारण ती पिशवीत होती, पेशीच्या पोटात, पाण्याला तिथे प्रवेश नाही. ती एकच चकाकी बघून मला जे पटलं ते दहा पेपर वाचून पटलं नव्हतं. मी उगाचच स्टेज गोल गोल फिरवत बसले होते किती तरी वेळ.

आता फक्त ती बाहेर येताना बघायची. आणि इथेच घोडं अडलं.

मधल्या काळात आमचं गाळून ठेवलेलं खरं समुद्रपाणी संपलं. नवं यायला वेळ होता. मी म्हटलं आपण कृत्रिम पाणी करू, मीठ, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट सगळं मोजून, वर एफ बाय टू नावाच्या ठरलेल्या रेसिपीचे पोषक द्राव. ह्या रेसिपीत सिलिकेटची बाटली वेगळी असते, मूळ रेसिपीच डायटम नावाच्या दुसऱ्या शैवालांच्या अभ्यासातून आलेली, आणि डायटमना काचेची घरं करायला सिलिका लागते. माझं शैवाल चुन्याचं घर करणारं, त्याला सिलिका कशाला? ती बाटली मी कपाटातच ठेवली. शिवाय डायटम घुसू नयेत म्हणून ते बरंच, असाही शहाणपणाचा विचार केला. आणि हुशारी म्हणून त्याच पाण्यात आधी ए-हक्स वाढवून बघितली. झकास वाढली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चकत्याही सुंदर. पाणी पास. हे "पाणी पास" लक्षात ठेवा.

ब्रारुडी त्या पाण्यात गेली. पहिला आठवडा ठीक. मग तळाशी सुट्या चकत्या दिसायला लागल्या, आधी थोड्या, मग ढीग. पेशींवरची चिलखतं अर्धवट, भोकं पडलेली. चिलखत उतरवलेल्या पेशी दोन दिवस झाले तरी नवं पुरं करेनात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर चकत्या म्हणजे दाताच्या दवाखान्यातलं दुःख. वाकडे तिकडे ठोकळे, बशीचा एक भाग आहे एक नाही, कुठे स्फटिकाने सगळं सोडून आपला मूळचा तिरका ठोकळाच केलेला. अशी वाकडी चकती शेजारणीत अडकत नाही, खाचच बसत नाही ना, मग ती गळून पडते. पेशी बिचारी घडवतेय आणि टाकतेय, घडवतेय आणि टाकतेय.

मी आधी ईजीटीएवर संशय घेतला, धुवायचं राहिलं असेल. तीनदा धुतलं, चारदा धुतलं. मग लक्षात आलं की ज्यांना ईजीटीए दाखवलंच नाही त्या कंट्रोलच्या पेशींच्या चकत्याही वाकड्याच आहेत. मग कॅल्शियम. कॅल्शियम क्लोराइड वजन करताना पाण्यासकटचं की बिनपाण्याचं ह्यात गफलत होऊ शकते, ती माझ्याकडून पूर्वी झालेली आहे, म्हणून टायट्रेशन केलं, बरोबर निघालं. पीएच, ८.१. इन्क्युबेटरचं तापमान रात्री उतरतं का म्हणून थर्मामीटर ठेवून दोन रात्री नोंदी केल्या. काही नाही. काचेच्या फ्लास्कमध्ये काही उतरत असेल म्हणून सगळं स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटल्यांत हलवलं, आणि परिस्थिती आणखी बिघडली! हे कळलंच नाही तेव्हा. उत्तर माझ्या तोंडासमोर होतं आणि मी बाटल्या धुत होते.

त्यातच एके दिवशी जुन्या, खऱ्या पाण्यातल्या बॅकअप फ्लास्कमध्ये छोट्या पेशी पोहताना दिसल्या. ब्रारुडी पोहत नाही. म्हणजे कंटॅमिनेशन, झालं, बॅकअपही गेला. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. ओतून द्यायला सिंकपाशी गेले आणि मॅडम समोरून आल्या म्हणून थांबले. त्यांनी एक थेंब बघितला आणि हसल्याच. म्हणाल्या, "परकं कोणी नाही हे. तिचाच दुसरा जन्म आहे." गुणसूत्रांचा एकच संच असलेली तिची अवस्था पोहते आणि तिच्या अंगावर निराळेच खवले असतात, बारीक बारीक सारख्या स्फटिकांचे, होलोकोकोलिथ, आणि ते आतल्या पिशवीत घडत नाहीत, पेशीच्या आवरणाबाहेर जुळतात. ह्या दोन अवस्थांना पूर्वी दोन वेगळी शैवालं समजून दोन वेगळी नावं दिलेली होती, मेरी पार्क आणि आयरीन ॲडम्स ह्यांनी १९६० मध्ये कल्चर करून दाखवलं की ही एकच. म्हणजे मी १९६० च्या आधीच्या लोकांच्या लेव्हलला होते. फ्लास्क वाचला.

आणि म्हणजे बाहेर खवला जुळवायचंही ह्याच जिवाला येतं! एका जन्मात आत, दुसऱ्यात बाहेर. माझी पहिल्या दिवसाची समजूत अगदीच टाकाऊ नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, जरा ओढून ताणूनच.

सिलिकाचं कोडं सुटलं ते अगदी साध्या कारणाने. खऱ्या पाण्याचा नवा साठा आला, बॅकअपच्या पेशी त्यात टाकल्या, चकत्या उत्तम. म्हणजे माझ्या कृत्रिम पाण्यात काहीतरी नाही. पण ए-हक्सला ते चाललं होतं ना? इथेच मी अडकले होते, एकीला चाललं म्हणजे दुसरीला चालणारच. मग शोधता शोधता २०१६ चा एक पेपर सापडला. कोकोलिथस ब्रारुडीमध्ये सिलिकॉन आत ओढणारी प्रथिनं आहेत, डायटममध्ये असतात त्यांच्या नात्यातली, आणि सिलिकॉन मिळालं नाही की हिच्या चकत्या बिघडतात. ए-हक्समध्ये ती प्रथिनं नाहीतच, तिला सिलिकॉनशी देणंघेणं नाही. तयार चकती कॅल्साइटचीच, पण घडवताना सिलिकॉन लागतं. वाचून मी कपाटातल्या त्या बाटलीकडे बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण माझ्या आयुष्यात नाही. आणि काचेचा फ्लास्क! काचेतून थोडी थोडी सिलिका पाण्यात उतरत असते, त्यावर माझ्या पेशी कसंबसं भागवत होत्या, आणि मी त्यांना प्लॅस्टिकमध्ये हलवून तेवढाही घास काढून घेतला.

सिलिकेट घातलं. रेसिपीप्रमाणे १०० मायक्रोमोलरच्या जवळपास. दोन दिवस काही फरक नाही, मग नव्या चकत्यांच्या कडा सरळ यायला लागल्या, आठवड्याने तळाचा ढीग वाढायचा थांबला. मॅडमच्या सांगण्यावरून उलटंही करून बघितलं, जर्मेनियम घालून. जर्मेनियम दिसायला सिलिकॉनसारखं, पेशी फसते. सिलिकेट कमी असताना ते घातलं तर चकत्या पुन्हा वाकड्या, सिलिकेट भरपूर असेल तर काही होत नाही. एक व्यवहारातली गोष्ट सांगते, कल्चरमध्ये डायटम घुसले की लोक सर्रास जर्मेनियम डायऑक्साइड घालून मारतात. ब्रारुडीच्या कल्चरमध्ये हे करू नका, डायटम मरतील आणि तुमची चकतीही जाईल.

आणि मग शेवटी तो दिवस. म्हणजे रात्र खरं तर. चिलखत उतरवलेल्या पेशी काचेच्या तळाच्या डिशमध्ये, हलू नयेत म्हणून तळाला चिकट लेप, स्टेज १५ अंशाला, वर झाकण कारण पाणी उडून खारटपणा वाढतो आणि पेशी सुरकुततात, हे आधीच्या दोन रात्री घालवून शिकलेले. दर तीस सेकंदांनी एक फोटो. दिवा मंद, पण बंद नाही, अंधारात ही मंडळी काम टाळतात.

मी एकच पेशी निवडली. सोनेरी तपकिरी गोळा, दोन हिरवट-पिवळे पट्टे म्हणजे क्लोरोप्लास्ट, आणि एका अंगाला, आत, ती चकाकी. तासभर काहीच नाही. चकाकी किंचित मोठी झाली असं मला वाटलं, पण एवढा वेळ बघत बसलं की काहीही वाटतं. मग ती काठाकडे सरकली. पेशीची कड तिथे थोडी फुगली, गालात लिमलेटची गोळी धरल्यासारखी. मी फोटोची वाट बघत होते, एका फोटोत चकती आत, तिरकी, कडेवर उभी, पुढच्यात अर्धी बाहेर आणि त्याच्या पुढच्यात बाहेर, पेशीच्या अंगावर आडवी पडलेली, आणि गालाची फुगी गेलेली. संपलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते दोन-तीन फोटोंच्या आत उरकलं.

मी ओरडले बहुतेक, कारण शेजारच्या खोलीतले सिनियर येऊन उभे राहिले. त्यांना फोटो पुढे-मागे करून दाखवत होते तेवढ्यात स्क्रीनवर पुढचे फोटो येत होते आणि त्यांनी बोट दाखवलं, "ही बघ, हलवतेय." चकती जिथे पडली तिथे राहिली नव्हती. हळूहळू अंगावरून सरकत होती, थोडी फिरत होती, पेशी जणू तिला जागेवर लावत होती, हात नाहीत, काही नाही. मग थांबली. उघड्या पेशीवर एकच चकती, एखाद्या ठिगळासारखी, आणि त्याच अंगाला आत, आधी दिसतेय की नाही अशी, दुसरी चकाकी.

आम्ही दोघं तिथेच बसलो. दुसरी यायला बराच वेळ लागणार हे माहीत होतं. सिनियरनी विचारलं डिस्कमध्ये जागा किती आहे, मी बघितलं, आणखी चारशे फोटोंची होती.